दार क्रमांक सात

डेलोरेन, ३ मार्च २०१९

प्रिय आल्बीमामा,

तुझ्या त्या बेटावर फोन लागत नाही आणि ईमेलला तू शिवत नाहीस, म्हणून टपालाच्या विमानाचा हा खटाटोप. कागद ओळखलास ना? तुझ्याच कचेरीतल्या रद्दी नकाशांची ही पाठ आहे. तुझी भाची काही वाया घालवत नाही.

आम्ही नव्या घरात आलो! डॅरिल नेहमीसारखा पंधरा दिवस खाणीवर आणि आठ दिवस घरी. त्यामुळे खोकी मी आणि हेटीने मिळून फोडली. म्हणजे मी फोडली आणि हेटी त्यांत बसली. चार वर्षांच्या मुलीकडून एवढीच मदत मिळायची.

आता तुला चिडवते. तू घरांचे नकाशे काढायची कचेरी माझ्या हवाली केलीस तेव्हा म्हणाला होतास, "कोऱ्या कागदापासून सुरुवात करतो तो गाढव. साचा असताना घाम कशाला गाळायचा?" मी तुझ्या दोन पावलं पुढे गेले. मागच्या वर्षी बसून संगणकातला तुझा सगळा साचा धुऊन काढला. भिंती तयार, खिडक्या तयार, स्वयंपाकघराचे चार नमुने तयार. गिऱ्हाईक समोर चहा पीत असताना खेचून लावायचे. मापं आपोआप पडतात, दारांची यादी आपोआप बनते. तुला एका घराला पंधरा दिवस लागायचे, मला दोन लागतात.

आणि हो, संगणकाच्या कडेला चिकटवलेला तुझा नियम चौथा मी मोडला. 'गमबूट खोलीला हात लावायचा नाही.' मामा, मागच्या दाराशी ती कोंदट खोली, तिला बाहेरून वेगळं दार आणि त्या दाराला कुलूपच नाही! सुतार हसायचे मला. मी ती मुळातूनच पुसली. मूळ खोली साच्याच्या संग्रहात एकच, बाकी नकाशांत तिची नुसती सावली. त्यामुळे एक कळ दाबली आणि तुझ्या जुन्या सगळ्या नकाशांतूनही ती गेली. आमचं घर या स्वच्छ साच्यातलं पहिलं.

एक गंमत मात्र राहिली आहे. आमच्या घराच्या दारांच्या यादीत अजून लिहून येतं: 'दार क्र. ७, बाहेरचं, कुलूप नाही.' नकाशात सातवं दार कुठेच नाही. सुतार तर विचारायला आला, बाई, सातवं कुठे लावू? मी तीनदा खोडलं. फाइल उघडली की परत येतं. तुझं भूत असणार.

कधी येतोस ते कळव. मागच्या दाराशेजारच्या काचेच्या पट्टीवर हेटीने चिखलाचे हात उठवून ठेवलेत, ते तुला दाखवायचेत.

तुझी,
मेरिन

*

व्हाइटमार्क, फ्लिंडर्स बेट, १९ मार्च

मेरिन बाळा,

पत्र मिळालं. घराबद्दल अभिनंदन. इथे मटनबर्डचा हंगाम तोंडावर आला आहे, बिळांत हात घालून पक्षी काढणाऱ्यांची लगबग आहे आणि माझा गुडघा म्हणतो, आल्बी, तू आपला खुर्चीत बस. तर बसलो आहे.

तू हुशार आहेस, माझ्याहून झपाट्याची आहेस, सगळं कबूल. पण ती खोली परत घाल. आपल्याकडचा पाऊस, आपल्याकडचा चिखल. ओले कोट, ओले बूट ठेवायला जागा नको का? उन्हाळ्यात बुटांत साप शिरतात ते वेगळंच. घर विकायची वेळ आली तर लोक ती खोलीच आधी बघतात. कुलूप नाही कारण चिखलाच्या हातांनी किल्ली कोण शोधणार?

तुझं मागचं दार कुठल्या बाजूला उघडतं? शेततळ्याकडे का? आणि त्याला लॅच कुठलं आहे? नुसतं लोटलं की आपोआप लागणारं तर नाही ना? हे जरूर लिही.

काचेवरचे हात बाहेरून आहेत की आतून?

आल्बीमामा

*

डेलोरेन, ६ एप्रिल

प्रिय मामा,

वा रे वा! तीन वर्षांत तू मला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा या एका पत्रात जास्त प्रश्न. घे उत्तरं. दार धुण्याच्या खोलीतून मागे उघडतं, शेततळ्याकडे. तळं शंभर पावलांवर. लॅच आपोआप लागणारं आहे, मुद्दाम तसंच घेतलं, वाऱ्याने उघडं राहायला नको आणि हेटी बाहेर पळायला नको. खटका तिला फिरवता येत नाही. आहे की नाही आई हुशार?

हात बाहेरून आहेत.

मी पुसले होते. दुसऱ्या दिवशी परत आले. त्या दिवशी हेटी तापाने झोपून होती, मामा. मी तिचा तळवा काचेवर धरून पाहिला. काचेवरचा हात तिच्यापेक्षा किंचित मोठा आहे आणि चिखलाचा नाही, नुसता पाण्याचा आहे. पण उन्हातही वाळत नाही.

आणि रोज दुपारी चारला मागचं दार वाजतं. ठक, ठक, ठक. तीनदाच. माझं टेबल घराच्या दुसऱ्या टोकाला आहे, मी उठून जाईपर्यंत कुणी नसतं. पहिल्या आठवड्यात वाटलं, शेजारच्या मेंढीपालाची पोरं असतील. पण ती शाळेच्या बसमधून साडेचारला उतरतात. हेटीला विचारलं तर म्हणाली, "ती आहे. आत येऊ का विचारते."

"कोण ती?"

"ओली."

हसू नकोस. मला भीती वाटते आहे. तू दूर आहेस म्हणून लिहितेय, डॅरिलला सांगितलं तर तो खाण सोडून घरी येऊन बसेल.

आणखी एक. ग्लेनिस हॅरप आठवते? चौऱ्याण्णव साली तू तिच्या घराचा नकाशा काढलास. तिचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "तुमच्या मामांना सांगा हं, मागच्या वर्षापासून छोटी येत नाही आमच्याकडे. टॉवेल कोरडाच असतो." मी विचारलं, कोण छोटी? तर म्हणाली, "अगं, त्यांना ठाऊक आहे." आणि फोन ठेवला.

तुला काय ठाऊक आहे, मामा?

मेरिन

*

व्हाइटमार्क, २० एप्रिल

मेरिन,

ग्लेनिस हॅरप ऐंशीच्या पुढची आहे. तिच्या बोलण्याला काय धरून बसायचं?

वारा आहे तो. डोंगराकडून येणारा वारा दुपारी फिरतो आणि नवं दार चौकटीत आपटतं. माझ्याही घराचं आपटायचं. लक्ष देऊ नकोस. वाऱ्यासाठी उठबस करत राहिलीस तर काम कधी करणार?

लॅच मात्र काढ. आजच काढ. साधी कडी लाव.

बोटीवरून तुला थोडं वॉलबीचं मांस पाठवलं आहे. हेटीला सूप करून दे.

आल्बी

*

डेलोरेन, १४ मे

प्रिय मामा,

सूप केलं. हेटीने दोन वाट्या मागितल्या. एक स्वतःसाठी आणि एक घेऊन मागच्या दाराशी ठेवली.

लॅच नाही काढलं. राग मानू नकोस, पण दाराशी काहीतरी येतं असं मला वाटत असताना मी कुलूप काढू? उलट वर आणखी एक खिटी बसवली, माझ्या डोक्याच्या उंचीवर. बाहेर जाताना ती काढते, आत आले की लावते. आंघोळीला गेले तरी आधी खिटी तपासते. जे काही आहे त्याला माझी मुलगी हवी आहे, दुसरं काय? रोज एका लहान मुलीला हाका मारायला ते उगीच येतं का? मी त्याला ती मिळू देणार नाही.

बाकी तुझा सल्ला ऐकला. लक्ष देत नाही. अकरा घरांची कामं अंगावर आहेत, सगळ्यांना जूनमधल्या हिवाळ्याआधी नकाशे हवेत. कानाला हेडफोन लावते, साचा उघडते आणि दडादडा काम उरकते. चार वाजतात, ठक ठक ठक होतं आणि थांबतं. आता इतकी सवय झाली आहे की त्यावरून घड्याळ लावते. माणसाला कशाचीही सवय होते बघ.

पण एक गोष्ट तुला विचारल्याशिवाय राहवत नाही. काल त्या अकरांतला एक नकाशा छापला. त्याच्याही यादीत दार क्रमांक सात. फक्त पुढचा मजकूर वेगळा होता. 'बाहेरचं, कुलूप नाही' असं असायचं, तिथे नुसतं 'बाहेर' होतं.

मी ते टाइप केलेलं नाही.

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी एकदा बोलली होती, की माझ्या जन्माआधी तुला एक मुलगी होती, टॅमसिन, आणि ती मोल क्रीकच्या घरामागच्या तळ्यात बुडाली. एवढंच सांगितलं. मी तुला कधी विचारलं नाही, आपल्या घरात विचारायची रीतच नाही. आता विचारते. ती बाहेर कशी गेली, मामा? तू कुठे होतास?

तुझी,
मेरिन

*

व्हाइटमार्क, २६ मे

मेरिन,

तीन दिवस हे पत्र लिहून फाडतो आहे. वादळामुळे विमान येत नाही, त्यामुळे फाडायला वेळही भरपूर मिळाला.

मी घरातच होतो.

१९८१ चा जून. मोल क्रीकचं ते घर मी स्वतः काढलेलं, स्वतः उभं केलेलं. मागच्या दाराला आपोआप लागणारं लॅच मीच बसवलं होतं, आणि आल्या-गेल्याला दाखवायचो. लोटा आणि विसरा, म्हणायचो. तुझी मामी मार्ज दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मला पाचच्या आत कौन्सिलमध्ये एक नकाशा द्यायचा होता. टॅम बदकांना पाव घालायला मागे गेली. मीच दार उघडून दिलं. वाऱ्याने ते मागून लागलं.

चारला तिने दार वाजवलं. ठक, ठक, ठक. मी नकाशाच्या फळीवर वाकलेलो, पेनात शाई भरलेली, एक लांब रेघ अर्धी झालेली. मी ओरडलो, "एक मिनिट, टॅम!"

रेघ पुरी केली. मग वाटलं, अक्षरंही घालून टाकू. दार पुन्हा वाजलं नाही. वाजलं नाही म्हणून मला बरं वाटलं, मेरिन. हे वाक्य अडतीस वर्षांत मी मार्जलासुद्धा सांगितलं नाही. तिला सांगितलं, मी काही ऐकलंच नाही.

मग एकदम उठलो. पेन हातातच होतं. धावलो. पण ती तोवर वाट बघून कंटाळून बदकांकडे परत गेली होती.

त्यानंतर मी काढलेल्या प्रत्येक घरात ती खोली घातली. मूल बाहेर राहिलं तर त्याला स्वतःहून आत येता यावं, कुणाच्या मिनिटाची वाट बघावी लागू नये, म्हणून कुलूप नसलेलं दार. आधी हाताने काढायचो, मग संगणक आला तेव्हा साच्यात घातली, म्हणजे घाईत विसरायला नको. दोनशे सहा घरं. ग्लेनिसने पहिल्यांदा सांगितलं की खोलीत ओली पावलं उमटतात, तेव्हा मी तिला म्हणालो, एक टॉवेल ठेवत जा. बघायला एकदाही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? तिला कुठेतरी आत जागा मिळते आहे, एवढंच मला पुरे होतं.

तू ती पुसलीस. तुझा दोष नाही, मी कारणच सांगितलं नव्हतं. नियम लिहून चिकटवला आणि कारण गिळलं.

ती हेटीला न्यायला येते की नाही हे मला माहीत नाही. बापाला वाटतं नसावं, पण बापाच्या वाटण्यावर विसंबू नकोस. लॅच आजच्या आज उपट. आणि दार वाजलं की ऊठ. वारा असो, कुणीही असो, काम टाकून ऊठ. 'लक्ष देऊ नकोस' असं मी तुला लिहिलं ते माझं दुसरं 'एक मिनिट' होतं.

आल्बी

*

डेलोरेन, ४ जून

प्रिय मामा,

तुझं पत्र २ तारखेला पोचलं. जे व्हायचं ते २९ मे रोजीच झालं होतं. हेटी बरी आहे. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

त्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालायला मागे गेले. पाऊस येईलसं वाटलं म्हणून घाईने आत आले. दार मागून लागलं, मी खिटी घातली. हेटी तिच्या खोलीत चित्रं रंगवत होती, निदान माझी तशी समजूत होती. ती माझ्या मागून बाहेर आली होती हे मी पाहिलंच नाही.

टेबलाशी बसले. एका गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर उलट बाजूला हवं होतं, त्यासाठी अर्धं घर फिरवत होते. हेडफोन होते, तरी दार वाजलेलं ऐकू आलं. घड्याळ पाहिलं, पावणेचार. मनात आलं, आज लवकर आली. आणि मामा, मी तोंडाने म्हणाले, अगदी मोठ्याने, "एक मिनिट."

तुझं पत्र तेव्हा आलेलं नव्हतं. हे शब्द मी कुठून आणले?

मी काम करत राहिले. पण ती रोज तीनदाच वाजवते, मग थांबते. त्या दिवशी थांबेच ना. ठक, ठक, ठक. जरा वेळाने परत. मी आवाज वाढवला. तरी परत. चिडले मी. चिडून उठले, की आज हिला सांगतेच जा म्हणून. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

खिटी काढली, दार उघडलं. पायरीवर हेटी बसली होती. थंडीने ओठ निळे, एक बूट पायात, एक हातात. त्या बुटाने ती दार वाजवत होती.

मी तिला उचललं आणि तिथेच खाली बसले. मला रडताही येईना. तिची डावी बाही कोपरापर्यंत भिजून गार झाली होती. बाकी अंगावर थेंब नव्हता, पाऊस आलाच नव्हता. फरशीवर तळ्याकडून आलेली लहान अनवाणी पावलं होती, ओली. पायरीपर्यंत आली होती. परत गेलेली एकही दिसली नाही.

रात्री गरम दूध पिताना हेटीने आपण होऊन सांगितलं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"मी बदकांकडे चालले होते. तिने माझा हात धरला. म्हणाली, खाली जाऊ नको. इथे बस आणि वाजवत राहा. मी तीनदाच वाजवलं होतं, तू थांबू नको. मोठ्यांना वेळ लागतो, पण ते येतात."

मी विचारलं, "तुला कसं माहीत, असं नाही विचारलंस तिला?"

"विचारलं ना. ती म्हणाली, माझे डॅड आले होते. मी पाहिलं त्यांना. ते धावत येत होते, त्यांच्या हातात पेन होतं."

मामा, पेनाचं तू मला दोन जूनला सांगितलंस. हेटीने मला एकोणतीस मेला सांगितलं.

मला वाटत होतं ती माझ्या मुलीला न्यायला येते. मी तिच्यावर खिटी घातली. ती दोन महिने रोज येऊन मला एकच गोष्ट शिकवत होती, आणि मी ती न ऐकायला शिकले. मला माझी लाज वाटते.

लॅच काढलं. ते तळ्यात फेकणार होते, पण तिथे काही टाकावंसं वाटलं नाही. कचऱ्यात टाकलं. त्या अकरा घरांची कामं थांबवली आहेत, लोक ओरडताहेत, ओरडू देत. संगणकावर खोली परत काढायला बसले, पण हात थांबला. मापं मला माहीत आहेत, तरी ती माझ्या हातची नको असं वाटलं.

२९ तारखेपासून दार वाजलेलं नाही. हेटी रोज चारला पायरीवर जाऊन बसते. मी तिच्या शेजारी बसते. तिला विचारलं, ती गेली का? तर म्हणाली, "नाही. वाट बघतेय."

कुणाची ते मी विचारलं नाही.

मेरिन

*

व्हाइटमार्क, ११ जून

मेरिन बाळा,

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या विमानात जागा मिळाली आहे. पायलट म्हणाला, म्हातारबुवा, टपालाच्या थैल्यांवर बसावं लागेल. म्हटलं, बसतो.

त्या खोलीसाठी साचा उघडू नकोस. एक कोरा कागद, पट्टी आणि मऊ पेन्सिल काढून ठेव. मी हाताने काढीन आणि लाकूडकाम मीच करीन, गुडघा काय म्हणायचं ते म्हणू दे. तू नंतर ती तुझ्या यंत्रात घाल, म्हणजे सातव्या क्रमांकाच्या दाराला घर मिळेल. एक टॉवेल लागेल. जाड असू दे.

विमानतळावर येऊ नकोस, मी बसने येतो. तीन पन्नासला गावात उतरीन. पुढच्या दाराला येणार नाही. घराला वळसा घालून तळ्याच्या बाजूने येईन. त्या वाटेने मला एकदा सावकाश चालायचं आहे.

मी दार वाजवीन. लगेच उघड. आणि उघडलंस की माझ्यामागून दार लोटू नकोस. थोडा वेळ तसंच उघडं राहू दे.

आल्बीमामा